गणिताला हात न लावता एआय-तज्ज्ञ व्हा!

इंदूरच्या मराठी घरात बारावी झालेलं पोर असेल आणि ते अजून एआयमध्ये गेलं नसेल, तर यंदा गणपतीच्या आरतीला उभं राहायची सोय नाही. प्रसाद हातावर पडायच्या आधी चौकशी होते. तेव्हा कामाला लागा. पहिलं म्हणजे ‘कॉम्प्युटर सायन्स’ हा शब्द घरातून हद्दपार करा. त्यात गणित येतं, अल्गोरिदम (म्हणजे पायरीपायरीने उत्तर काढायच्या रीती) येतात, चार वर्षं जातात आणि शेवटी मावशी विचारते, “म्हणजे आता आमचा प्रिंटर दुरुस्त करशील ना रे?” त्यापेक्षा भंवरकुआं चौकात मान वर करून होर्डिंगं वाचा: एआय, ब्लॉकचेन, क्वांटम, आयओटी. झालं शिक्षण. आधी कळस, मग पाया. आणि पाया राहिलाच, तर वाकून बघतो कोण?

पोराला प्रश्नांपासून जपा. हे अवघड आहे, कारण प्रश्न छप्पन दुकानला पोहे खातानाही गाठतात. काउंटरवरचा क्यूआर कोड बघा. लॅमिनेशन सुटलेलं, एका कडेला तेलाचा पिवळा डाग, वर चिमूटभर जिरावण मसाला. तरी फोन धरला की पैसे जातात. इथे पोरगं हमखास विचारतं, “बाबा, एवढा मळलाय तरी वाचतो कसा?”

चुकूनही उत्तर देऊ नका. द्यायला गेलात तर १९९४ सालच्या जपानमध्ये जावं लागेल. तिथे डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला हा कोड बनवला. तिथून आणखी मागे, १९६० साली, आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांच्या जेमतेम पाच पानांच्या निबंधाशी पोचाल. मूळ माहितीला बहुपदींच्या हिशेबाने काही जादा चिन्हं जोडून ठेवली, की थोडा मजकूर नासला तरी उरलेल्यावरून तो परत काढता येतो, असं त्यांनी दाखवलं. क्यूआर कोडच्या सगळ्यांत चिवट प्रकारात सुमारे ३० टक्के मजकूर गेला तरी भागतं. (तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन मात्र सांभाळा. फोन आधी तेच शोधतो आणि त्यांना ही सवलत नाही.) बघा, पोहे गार झाले आणि पोरगं बहुपदीत अडकलं. त्यापेक्षा सरळ म्हणा, “डिजिटल इंडिया आहे बाळा, खा.”

राजवाड्यावरून सुपर कॉरिडॉरला जाताना फोन रस्ता दाखवतो, तेव्हाही ‘एआय आहे’ एवढंच म्हणा. कमीत कमी अंतराचा रस्ता काढायची मूळ रीत एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ साली शोधली, तीही ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, होणाऱ्या बायकोबरोबर कॉफी पिताना, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत. असली माणसं मुलांसमोर आदर्श म्हणून ठेवू नयेत. कॅफेत बसून असलं काही सुचायला लागलं तर मुलगी कोण देणार?

एआयचा इतिहास विचारला तर तो चॅटबॉटपासून सुरू होतो म्हणून सांगा. चुकांवरून शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कची, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून बेतलेल्या प्रोग्रॅमची, रीत १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या निबंधाने गाजली. मग कितीतरी वर्षं फारसं कोणी विचारलं नाही. २०१२ साली चित्रं ओळखायच्या स्पर्धेत हिंटन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बाजी मारली ती गेम खेळण्यासाठीच्या दोन ग्राफिक्स कार्डांवर. हे पोराला अजिबात कळू देऊ नका, नाहीतर उद्याच तसलं कार्ड मागेल आणि कारणही शास्त्रीय देईल.

त्या स्पर्धेतल्या लाखो चित्रांवर ‘हे मांजर, ही बस’ अशा चिठ्ठ्या माणसांनीच चिकटवल्या होत्या. ओला कचरा-सुका कचरा वेगळा करून देशात पहिला नंबर पटकावणाऱ्या शहराला खरं तर हे काम जमायला हरकत नव्हती. पण डेटा निवडत बसण्यात प्रतिष्ठा नाही. कचरागाडीसारखं गाणं वाजत नाही, बक्षीस मिळत नाही.

क्वांटमबद्दल फक्त गंभीर चेहरा करा. पीटर शोर यांनी १९९४ सालीच दाखवून दिलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक नेटवरची माहिती गुप्त ठेवणारी, आज सर्रास वापरातली आरएसए-सारखी गणिती कुलुपं फोडू शकेल. तेवढं मोठं यंत्र अजून नाही. अल्गोरिदम मात्र तेव्हापासून तयार बसलाय आणि २०२४ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने नव्या कुलुपांचे नमुनेही जाहीर केले. म्हणजे यंत्राआधी गणित पोचलं. हे आपल्या सिद्धांताविरुद्ध जातं, म्हणून गाळा.

राहता राहिला इंटरव्ह्यू. तिथे एखादा आडमुठा विचारेल: अकारविल्हे लावलेल्या दहा लाख नावांतून एक नाव किती वेळा बघून सापडेल? दर वेळी मधलं नाव बघून अर्धी यादी बाद करत गेलं, की वीस वेळांत काम होतं, हे बाजूच्या खुर्चीवरची मुलगी सांगून टाकेल. तुम्ही खचू नका. “हे फार जुनं आहे सर, आम्ही डायरेक्ट जनरेटिव्हमध्ये आहोत,” असं म्हणून उठा आणि घरी आल्यावर आईला सांगा, की कंपनीच अजून तयार नव्हती.