‘बेस६४ करा आणि निर्धास्त पाठवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या कॉम्प्युटरच्या पोरांच्या आणि चादर-टॉवेलची डिझाइनं करणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर असा: ‘फाइल पाठवायची असेल तर आधी बेस६४ करा. डेटा लॉक होतो, साइझ कमी होते, नेटवर कुठेही चालते. सी मध्ये दहा ओळींचा कोड पुरतो, खाली दिलाय. हॅलो वर्ल्ड टाकून टेस्ट केलेला आहे. कॉपी करा, पुढे पाठवा.’ लोकांनी दोन्ही केलं.

बेस६४ म्हणजे कुठलीही फाइल ६४ साध्या चिन्हांत लिहायची पद्धत. तिची गरज असते, हे खरंच आहे. ईमेलची जुनी व्यवस्था साध्या इंग्रजी अक्षरांपुरती बांधलेली होती, आणि प्रोग्राम एकमेकांना माहिती देताना वापरतात त्या जेसन या मजकुरी पद्धतीत आजही बायनरीला, म्हणजे अक्षरं नसलेल्या कच्च्या बाइटांना, जागा नाही. म्हणून तीन बाइट घ्यायचे, त्यांचे २४ बिट सहा-सहाच्या चार तुकड्यांत पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यासाठी ६४ चिन्हांतलं एक लिहायचं. उरलेसुरले एक-दोन बाइट असतील तर शेवटी = लावून चाराचा गट पुरा करायचा. बेस६४ चं काम एवढंच. मेसेजने बाकी जे काही त्याच्या नावावर खपवलंय, ते त्याच्यात नाही.

‘डेटा लॉक होतो.’ किल्लीच नाही तर कुलूप कसलं? चिन्हांचा तक्ता जगजाहीर आहे, आणि उलटं करायला लिनक्सवर एक कमांड पुरते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदाराला विचारा, डिझाइन बाहेर गेलं तर काय होतं. नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्रावर कुठला हूक उचलायचा आणि कुठला नाही, हा शेवटी एक-शून्याचाच मामला. ती फाइल ज्याच्या हाती लागली त्याच्या यंत्रमागावर उद्या तीच चादर. बेस६४ केलेली पीएनजी (चित्राची) फाइल तर सराईत माणूस उलटी न करताच ओळखतो, कारण तिची सुरुवात ठरलेली असते: धाकटा आय, मग थोरले व्ही, बी, ओ, आर. गुपित ठेवायचं असेल तर आधी फाइल एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीने कुलूपबंद करा, मग हवं तर बेस६४, आणि किल्ली त्याच ग्रुपवर टाकू नका.

‘साइझ कमी होते.’ वाढते. तिनाचे चार होतात, म्हणजे ३०० केबीची फाइल ४०० केबी. ईमेलच्या नियमाप्रमाणे दर ७६ अक्षरांनी ओळ मोडली तर आणखी थोडी भर. लहान करायची तर आधी झिप करा, मग बेस६४.

‘कुठेही चालते.’ इथे मराठी माणसाने जास्त जपायला हवं. नेहमीच्या तक्त्यातली शेवटची दोन चिन्हं, शून्यापासून मोजता ६२ आणि ६३ क्रमांकाची, + आणि / ही आहेत. मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे बेस६४ मध्ये बरोब्बर चार अक्षरांचं. आता गंमत बघा: त्या चारांतल्या शेवटच्या अक्षरात काना बसतो ६२ क्रमांकावर, तिथे +, पहिली वेलांटी ६३ वर, तिथे /. ‘सोलापूर’ हा शब्द बेस६४ केला की २८ अक्षरं येतात आणि त्यात एक + असतो. ‘विजापूर’मध्ये दोन्ही येतात. (मधे स्पेस आली की तिनाची जुळणी सरकते आणि चिन्हं बदलतात, ते वेगळं.) हाच मजकूर लिंकच्या प्रश्नचिन्हापुढे तसाच जोडला, तर बरेच सर्व्हर + ला स्पेस समजतात. मग ‘इंग्रजी नावं चालतात, मराठी नावं फुटतात’ अशी तक्रार येते आणि बिचाऱ्या फाँटला शिव्या बसतात. २००६ च्या आरएफसी ४६४८ या इंटरनेटच्या नियमपत्रकात यावर तोड आहे: लिंकसाठी वेगळा तक्ता, त्यात + च्या जागी - आणि / च्या जागी _. पाठवणारा आणि घेणारा दोघांनी तोच तक्ता वापरायचा, एवढंच पथ्य.

आता त्या दहा ओळी. फंक्शनला नुसता पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता दिलाय, लांबी आत स्ट्रलेन या सी च्या फंक्शनने काढलीय. स्ट्रलेन पहिल्या शून्य बाइटपाशी थांबतं, आणि बायनरीत शून्यांना काय तोटा? पीएनजीच्या सुरुवातीला आठ बाइटांची सही असते आणि नववा बाइटच शून्य. म्हणजे कुठलीही पीएनजी द्या, वाघाची चादर असो की मोराचा टॉवेल, हा कोड आठच बाइट बघणार आणि प्रत्येक वेळी तीच १२ अक्षरं काढणार. फाइलमध्ये शून्य नसेलच तर आणखी वाईट: स्ट्रलेन बफरच्या, म्हणजे फाइलसाठी राखलेल्या मेमरीच्या, बाहेर भटकत जाणार.

ही आठ बाइटांची सही म्हणजे अशा चुका पकडायचा सापळाच आहे, मुद्दाम तशी रचलेली. पहिला बाइट १३७, म्हणजे १२७ च्या वरचा. पाचवा-सहावा मिळून विंडोजचा ओळबदल. सातवा कंट्रोल-झेड. मेसेजमधल्या कोडने फाइल ‘आर’ (टेक्स्ट) मोडमध्ये उघडलीय, ‘आरबी’मध्ये (बायनरी) नाही. विंडोजवर टेक्स्ट मोड ओळबदलाच्या दोन बाइटांचा एक करतो आणि कंट्रोल-झेडला फाइलचा शेवट मानतो. त्यामुळे तिथे आठही नाहीत, पाचच बाइट हाती लागतात. लिनक्सवर हा फरक नाही, म्हणून ‘माझ्याकडे तर चालतंय’ म्हणणारा खोटं बोलत नसतो.

पहिल्या बाइटची कथा वेगळी. कोडमध्ये साधा कॅर, म्हणजे सी मधला एका बाइटचा प्रकार, वापरलाय. तो धन-ऋण दोन्ही धरतो की फक्त धन, हे सी भाषेने कंपायलरवर सोडलंय. नेहमीच्या पीसीवर तो ऋणही धरतो, त्यामुळे १३७ चा होतो उणे ११९. तो दोन घरं उजवीकडे सरकवला की उणे ३०, आणि ६३ चा मास्क न लावता, म्हणजे खालचे सहाच बिट न ठेवता, हाच आकडा तक्त्याला दिला की तक्त्याच्या तीस घरं मागची मेमरी वाचली जाते. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा कंपायलर कॅरला बिनचिन्हाचा मानतो, तिथे तोच कोड गुपचूप बरोबर चालतो. उपाय एका शब्दाचा आहे, कॅरच्या आधी: अनसाइन्ड.

उलट्या बाजूला, म्हणजे डीकोडला, खरी मेहनत लागते, कारण तिथे येणारा मजकूर परक्याचा असतो. ६४ च्या बाहेरचं चिन्ह आलं की चूक म्हणून परत फिरायचं. = फक्त शेवटी, तेही दोनपर्यंतच. ओळबदल चालवून घ्यायचा की नाही, ते आधी ठरवायचं. निघालेला माल शून्यावर संपणारी स्ट्रिंग नसतो, म्हणून त्याची लांबी वेगळी परत द्यायची. एन्कोड करताना जागा मोजायची ती एन (मूळ बाइटांची संख्या) अधिक २, भागिले ३ (पूर्णांकात), गुणिले ४, आणि शेवटच्या शून्यासाठी वर एक. मेसेजमधला कोड हा शेवटचा एक विसरलाय. तयार लायब्ररी घेणं शहाणपणाचं, पण तिचं मॅन्युअल वाचून. ओपनएसएसएल या लायब्ररीचं ब्लॉक डीकोड करणारं फंक्शन = मुळे आलेले जादा शून्य बाइटही लांबीत धरतं, ते वजा करणं तुमच्याकडे.

राहिलं ‘टेस्ट केलेला आहे’. हॅलो वर्ल्डमध्ये एकही शून्य बाइट नाही, १२७ च्या वरचा एकही नाही, कंट्रोल-झेड नाही. आरएफसी ४६४८ मधले ‘फूबार’ या इंग्रजी शब्दाचे चाचणी-नमुनेही असेच साधे आहेत, तपासायला हवेतच, पण हा कोड त्यातूनही सुटू शकतो. त्याला रिकामी फाइल द्या, एक पीएनजी द्या, ‘सोलापूर’ द्या, आणि शून्य ते २५५ असे सगळे २५६ बाइट एका दमात द्या. एन्कोड करा, परत डीकोड करा आणि मूळ फाइलशी बाइटन् बाइट ताडून बघा, विंडोजवरही आणि लिनक्सवरही.