लिनक्स जमेल का हो?

'साध्या माणसाला विंडोजऐवजी लिनक्स जमेल का?' असं कुणी विचारलं की मी आधी त्या साध्या माणसाचीच चौकशी करतो. ब्राउझर उघडून मेल आणि व्हिडिओ बघण्यापलीकडे ज्याचं काम नाही, त्याला खुशाल मिंट (लिनक्सचाच एक सोपा अवतार) द्या. डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोजच समजून वापरेल बिचारा. अट्टल जाणकाराची तर काळजीच नको. हाल होतात ते मधल्यांचे, अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेल्यांचे.

इन्स्टॉलेशन ही भानगडच नाही. 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्यायचा, त्यावर एचर किंवा रूफस नावाच्या प्रोग्रामनं लिनक्सची आयएसओ फाइल लिहायची. (फाइल नुसती कॉपी करून कॉम्प्युटर त्यावरून बूट, म्हणजे सुरू, होत नाही. आणि पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे पुसल्यावर आठवून उपयोग नाही.) घोडं पेंड खातं ते वाय-फायपाशी. ब्रॉडकॉम कंपनीची काही वाय-फाय कार्डं वेगळ्या ड्रायव्हरशिवाय (ती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय) हलत नाहीत. ड्रायव्हर इंटरनेटवर, इंटरनेट वाय-फायवर! अशा वेळी फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालू करायचं आणि 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडायचा.

मग येतो निळा पडदा. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असताना असला ड्रायव्हर टाकला की एक पासवर्ड ठरवायला सांगतात. माणूस काहीतरी ठोकून देतो आणि विसरतो. रीस्टार्टला पडदा उमटतो, 10 सेकंद वाट बघतो आणि कुणी कीबोर्डची कळ दाबली नाही तर मुकाट्यानं पुढे जातो. दाबलीच, तर यादीत पहिला पर्याय 'कंटिन्यू बूट'. निवडायचा असतो त्याखालचा 'एनरोल मॉक' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवायचा; तो विसरलेला पासवर्ड इथंच लागतो), पण घाबरलेला माणूस पहिल्यावरच एंटर मारतो. किल्ली नोंदलीच गेली नाही म्हटल्यावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हरला दारातूनच परत पाठवतो.

टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, तऱ्हा निराळी. बऱ्याच ठिकाणी पासवर्ड टाइप करताना साधा ठिपकाही उमटत नाही. कीबोर्ड मेला असं समजून माणूस तोच पासवर्ड सलग दोनदा बडवतो, आणि तो अर्थातच चुकतो. वैतागून एररचा मजकूर कॉपी करायला कंट्रोल-सी दाबावं, तर चालू असलेलं कामच थांबतं. तिथं कॉपीला शिफ्टही लागते.

ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. जो उठतो तो दुसऱ्याचे काटे फिरवतो. त्यात विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हावं म्हणून पूर्ण बंद न होण्याची सोय) चालू असेल तर त्याचं शटडाउन म्हणजे झोपेचं सोंग. लिनक्सला विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) वाचता येईल फार तर, लिहिता येत नाही. फास्ट स्टार्टअप आधी बंद करा.

प्रिंटर? नेटवर्कवरचे बरेचसे नवे प्रिंटर ड्रायव्हर न मागता आपसूक सापडतात आणि छापतातही. मधल्या माणसाला हे काही केल्या पटत नाही. तो कुठून तरी ड्रायव्हर शोधून आणतो, टाकतो, आणि चालणारा प्रिंटर बंद पाडून मग विचारतो, 'बघा, म्हटलं नव्हतं?'