‘हवेत विरलेली’ टीव्ही नाटकं: एका फिरत्या दाव्याला उत्तर

अमेरिकी टीव्हीच्या सुरुवातीच्या काळाबद्दल एक मजकूर सारखा फिरतो: ‘दर आठवड्याला नवी गोष्ट, नवे नट असलेली ती नाटकं म्हणजे रंगमंचासमोर लावलेला कॅमेरा. रेकॉर्डिंग नव्हतंच, म्हणून सगळं हवेत विरलं. व्हिडिओ टेप आली आणि प्रकारच संपला.’ यातलं कॅमेरा, रेकॉर्डिंग आणि टेप यांबद्दलचं एकही विधान टिकत नाही.

आधी रेकॉर्डिंग. किनेस्कोप 1947पासून वापरात होतं: मॉनिटरवरचं चित्र समोरच्या फिल्म कॅमेऱ्यानं टिपायचं. तिथला तेव्हाचा टीव्ही सेकंदाला 60 फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) दाखवायचा आणि फिल्मच्या चौकटी 24. म्हणजे एका चौकटीच्या वाट्याला अडीच फील्ड. दोन फील्ड टिपायची आणि उरलेल्या अर्ध्या फील्डच्या वेळात, 1/120 सेकंदात, फिल्म पुढे ओढायची. शटरची वेळ जराशी चुकली की सांध्यावर आडवा पट्टा उमटतो. उजेड दोनदा पडला तर पांढरट, कमी पडला तर काळपट. जुन्या प्रतींत दिसणारा हा पट्टा मूळ प्रक्षेपणात नव्हता.

‘पॅटर्न्स’ हे नाटक 12 जानेवारी 1955 ला झालं आणि 9 फेब्रुवारीला नटांनी ते पुन्हा थेट सादर केलं, हा रेकॉर्डिंग नव्हतं याचा हमखास दिला जाणारा पुरावा. पण त्याचंही किनेस्कोप आज पाहायला मिळतं. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (20 सप्टेंबर 1954, आपल्याकडचा ‘एक रुका हुआ फैसला’ याच कथेवरचा) याची संपूर्ण प्रत 2003 मध्ये सापडली. खूप काही गेलं, हे खरंच. पण ते रेकॉर्ड न केल्यामुळेच गेलं असं नाही. केलेल्या प्रतीही जपल्या गेल्या नाहीत.

‘रंगमंचासमोर कॅमेरा’ हे तर लेखकांवर अन्याय करणारं आहे. स्टुडिओत तीन-चार कॅमेरे सेटच्या आत-बाहेर फिरत. प्रत्येकावर चार भिंगांची फिरती चकती. ती फिरवायची तर कॅमेरा प्रक्षेपणावर नसताना, नाहीतर प्रेक्षकाला चित्र गरगरताना दिसणार. नटाला कपडे बदलून दुसऱ्या सेटवर पोचायचं असेल, तर तेवढा वेळ भरणारा दुसऱ्या पात्रांचा प्रसंग संहितेतच लिहावा लागे. ‘मार्टी’ (24 मे 1953) मध्ये रॉड स्टायगरच्या चेहऱ्यावरची घालमेल पेलते ती जवळून घेतलेल्या चित्रामुळे. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला ती दिसलीच नसती.

आणि टेप? ‘प्लेहाउस 90’ ही मालिका स्वतः टेप वापरत 1960पर्यंत चालली. थेट नाटकं मागे पडली ती पैशापायी: हॉलिवूडमध्ये फिल्मवर केलेली मालिका पुन्हापुन्हा विकता येई. त्यात प्रायोजकांची दहशत. ‘थंडर ऑन सायकमोर स्ट्रीट’ मधलं कृष्णवर्णीय कुटुंब बदलून तिथे तुरुंगातून सुटलेला माणूस आणावा लागला. 1959 मध्ये नाझींवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या नाटकात (नाझींच्या विषारी वायूच्या कोठड्यांसाठी) ‘गॅस’ हा शब्द आला की आवाज बंद केला गेला, कारण गॅस कंपन्यांची संघटना प्रायोजक होती. त्याच वर्षी ‘पॅटर्न्स’ लिहिणाऱ्या रॉड सर्लिंगनं ‘ट्वायलाइट झोन’ सुरू केली: दर आठवड्याला नवी गोष्ट, नवे नट, फक्त आता फिल्मवर.