बंदूक नसलेली शर्यत

"काका, तुमच्यामुळे माझा अर्धा मार्क गेला."

हे वाक्य खालच्या मजल्यावरच्या नववीतल्या पोरीनं परवा जिन्यात, लोकांदेखत मला ऐकवलं. लोकांत दूधवालाही होता. त्यानं 'च्‌ च्‌' करून मान हलवली. ज्याच्या दुधाची घनता हाच आमच्या इंदूरच्या रामबागेतला भौतिकशास्त्राचा जुना प्रश्न आहे, त्या माणसानं!

तिच्या क्लासनं दिलेलं गणित साधं होतं. एक धावपटू स्थिर अवस्थेतून निघतो, समान त्वरणानं ४ सेकंदांत १० मीटर प्रति सेकंद वेग गाठतो आणि पुढे तोच वेग राखतो. तर १०० मीटरला किती वेळ लागेल? दहाला चारानं भागा, त्वरण अडीच. पहिल्या चार सेकंदांतला सरासरी वेग पाच, म्हणजे अंतर २० मीटर. उरले ८० मीटर, दहाच्या वेगानं ८ सेकंद. एकूण १२. रविवारची सकाळ, पुढ्यात पोहे, वर सेव, सेवेवर जीरावन मसाला. पोहे गार व्हायच्या आत सगळं आटोपलं असतं. पण हे आम्ही ओट्यावर बसून करत होतो, आणि ओट्यावर अण्णा होते.

अण्णा आमचे घरमालक. भाड्याच्या घरात नळ गळतोय हे त्यांना तीनदा सांगितलं तरी ऐकू येत नाही, पण 'धावपटू' हा शब्द त्यांनी पेपराआडून टिपला. कारण उमेदीच्या काळात नेहरू स्टेडियमवरच्या शर्यतींना अण्णा स्टार्टर असत. म्हणजे 'सेट' म्हणून धावपटूंना तयार करणारे आणि मग बंदूक उडवणारे. त्यानंतर त्यांनी आयुष्यात पुष्कळ काही केलं, पण त्यातलं काहीही त्यांना सांगण्यासारखं वाटत नाही.

"स्थिर अवस्थेतून?" पेपर खाली आला. "कोण स्थिर?"

"धावपटू, अण्णा."

"'सेट' म्हटल्यावर का आधी?"

"गणितात 'सेट' नाहीये."

"मग कंबर वर कधी घेतली त्यानं?"

मी म्हटलं, अण्णा, या धावपटूला कंबर नाही. तो एक बिंदू आहे, बिंदूला नुसता वेग असतो. अण्णांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि पोरीला म्हणाले, "बेटा, तू इकडे बघ." मग सत्तरी ओलांडलेला तो गृहस्थ उठला, पायजमा वर खोचला आणि फरशीच्या सांध्याला शर्यतीची रेघ मानून ओणवा झाला. अंगठा एकीकडे, चार बोटं दुसरीकडे, मध्ये कमान. बोटांची टोकं सांध्याच्या बरोबर मागे. "रेघेला बोट लागता कामा नये. लागलं की मी उठवायचो सगळ्यांना." मग एक गुडघा टेकला, मान खाली गेली, आणि 'सेट' असं स्वतःच म्हणून अण्णांनी कंबर उचलली.

ती तिथेच राहिली.

पोरगी वाट बघत होती, मी वाट बघत होतो. खालून आवाज आला, "भिया, जरा हात दे." दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं. त्वरण नगण्य होतं. मला वाटलं, सुटलो. पण खुर्चीत बसल्या बसल्या अण्णांनी विचारलं, "बंदूक कोणी उडवली?"

"कोणीच नाही. प्रश्नात बंदूक नाही."

"बंदूक नाही तर तो धावून का राहिला आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गॅलिलिओकडेही नसतं. पण त्या माणसाचं नशीब चांगलं. उतरत्या पन्हळीतून ब्राँझची गोळी सोडायची आणि भांड्यातून गळलेलं पाणी तोलून वेळ मोजायची, एवढंच त्याला करायचं होतं. गोळीनं कंबर कधी उचलली, असं विचारणारा घरमालक त्याच्या ओट्यावर नव्हता. पुढे त्याला चर्चनं छळलं हे खरं, पण चर्च निदान भाडं तरी वाढवत नव्हतं.

तर बंदूक. अण्णांचं म्हणणं असं की बंदूक उडाली की घड्याळ सुरू होतं, माणूस नाही. आवाज कानात जाणार, कानातून डोक्यात, डोक्यातून पायात. याला वेळ लागतो. बर्लिनला २००९ साली उसेन बोल्टनं शंभर मीटरला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा त्यालासुद्धा ०.१४६ सेकंद लागले होते. आणि ०.१ सेकंदाच्या आत जो हलला, तो ऐकून नाही, अंदाजानं हलला असं धरतात. फाउल. "२०११ ला देगूला बोल्ट आधीच निघाला. फायनल होती! काढला की नाही बाहेर? तुझा हा बिंदू शून्य सेकंदाला निघतो म्हणतोस. मी तर त्याला पळूच दिला नसता."

"मग काय करू आजोबा?" पोरीनं पेन उचललं.

"पंधरा शतांश धर. बारा अधिक शून्य पॉइंट पंधरा."

"अण्णा, पंधरा शतांशानं काय फरक पडतो?" हे मी बोललो. बोलायला नको होतं, असं बोलता बोलताच कळलं, कारण अण्णांचा आवाज एकदम उतरला.

"१९८४. लॉस एंजेलिस. चारशे मीटर अडथळे. उषाचे ५५.४२, तिसरीचे ५५.४१. एक शतांश, भिया. एका शतांशानं पदक गेलं आपलं. आणि तू पंधरा सोडून देतोयस?"

ओट्यावर शांतता. पीटी उषापुढे कोण बोलणार? पोरीनं १२.१५ लिहून खाली दोन रेघा मारल्या. अण्णांनी वर सुचवलंच, की हातानं घड्याळ दाबून वेळ घेतली असेल तर ती पुढच्या दशांशाला न्यावी लागते, म्हणजे १२.२ लिही. तेवढं मी हातापाया पडून थांबवलं. तिला म्हटलं, अगं, सूत्रात बसत नाही हे, सर काट मारतील. ती म्हणाली, "पण अण्णा आजोबा स्टेडियमवर होते ना. तुम्ही कुठे होता?"

मी बीएस्सीच्या वर्गात होतो. पण हे ओट्यावर सांगण्यासारखं वाटलं नाही.

खरी गंमत पुढच्या गणितात आहे. गंमत म्हणतो, पण माझं डोकं अजून तापलेलं आहे. त्याच कागदावर खाली: दुसरा धावपटू स्थिर अवस्थेतून निघून समान त्वरणानं १०० मीटर १० सेकंदांत पार करतो, अंतिम वेग काढा. त्वरण येतं २, अंतिम वेग २० मीटर प्रति सेकंद. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर! बोल्ट त्याच्या सगळ्यात वेगवान शर्यतीत ताशी ४४ च्या आसपास पोचला, तेही साठ ते ऐंशी मीटरच्या टप्प्यात, आणि शेवटी थोडा मंदावलाच. कारण माणसाच्या पायांना पूर्ण शंभर मीटर वेग वाढवत नेता येत नाही. हा पठ्ठ्या मात्र रेघ ओलांडेपर्यंत वाढवतोच आहे. एबी रोडवर असा सापडला तर चालान फाटेल. आणि या माणसाबद्दल अण्णांनी काय हरकत घेतली? काहीही नाही. त्यांचा चहा आला होता. बशीत ओतता ओतता म्हणाले, "चांगला पळाला."

क्लासमध्ये या ७२ वाल्याला पूर्ण मार्क मिळाले. पंधरा शतांशवाल्याचा अर्धा कापला. लाल पेनानं शेजारी लिहिलं: 'यह ०.१५ कहाँ से आया? किसने बताया?' आणि पोरगी भर वर्गात म्हणाली, ऊपर वाले अंकल ने. म्हणजे मी. ओट्यावरचे सुटले.

आता सांगतो, मला राग अण्णांचा नाही. भंवरकुआच्या बाजूचा तो क्लास वर्षाची फी आगाऊ घेतो, प्रश्नांचे कागद वाटतो आणि घरी पाठवतो. पोरीचे आईवडील नोकरीवरून सातला येतात. मग ती गणितं करायची कोणी? तर जो घरी दिसेल त्यानं. 'कहाँ से आया' असं लिहिणाऱ्या गुरुजींना पोरीकडून उत्तर ऐकायला दोन मिनिटं काढता आली असती. तिनं बंदूक, कान, पाय सगळं धडाधडा सांगितलं असतं, ती ते नीट समजली होती. पण मागे सत्तर पोरं वह्या घेऊन उभी असतील तर लाल रेघच परवडते.

संध्याकाळी मी अण्णांकडे गेलो. म्हटलं, तुमचा सल्ला, माझं नाव, तिचा अर्धा मार्क. आता क्लासला फोन करून तुम्हीच सांगा. अण्णांनी पेपराची घडी घातली, गंभीरपणे विचार केला.

"निकाल कधी लागला?"

"परवा."

"मग काही उपयोग नाही. निकाल जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांत हरकत नोंदवावी लागते. नियम आहे." आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू होतास कुठे?"