सत्तावन्न सेकंद मागं

काल निपाणी स्टँडसमोर उसाचा रस पीत उभा होतो. रस्त्याच्या पलीकडून एक म्हातारा भर गर्दीत ओरडला, "ओ मालक! गावला काय तो तुमच्या म्होरं गेल्याला?"

चार माणसं वळून बघायला लागली. त्यातला एक माझा मेहुणा.

त्याचं असं झालं. गेल्या रविवारी गावाबाहेरच्या माळावर आम्हा हौशी लोकांची ऑटोक्रॉस होती. नारिंगी कोन मांडायचे, त्यातून वळणं घेत एका वेळी एकानंच गाडी पळवायची आणि घड्याळाशी भांडायचं. कोन पाडला की दंडाचे सेकंद वर. माझी अल्टो 2009 सालची. दर वेळी स्टॉपवॉचवाला पोरगा माझा टाइम मुद्दाम जास्त लावतो असा मला दाट संशय होता, म्हणून यंदा फोनवर लॅप मोजणारं ॲप घेतलं. नकाशावर स्टार्टची रेघ ओढायची, फिनिशची ओढायची, बाकीचं ॲपमधली बाई बघते.

नकाशावर ओढलेल्या रेघांचा अनुभव आम्हाला काही कमी नाही. 1956 साली कुणीतरी एक ओढली, तिचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तरी मी हौसेनं आणखी दोन ओढल्या, तेही एकमेकींपासून जेमतेम आठ मीटरवर. इथंच माती खाल्ली.

स्टार्टच्या रांगेत होतो. रांग एका गाडीएवढी पुढं सरकली. फोनचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीसुद्धा चार-पाच मीटर इकडंतिकडं भरकटतो. त्यानं आपली भर घातली. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडतोय तोवर बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "लॅप टाइम, फोर पॉइंट टू. न्यू बेस्ट लॅप!"

चार पॉइंट दोन सेकंद. पहिल्या गिअरमध्ये. तेही बाटली हातात धरून.

मी हसलो. ते हसू पहिल्या फेरीपुरतंच टिकलं. जीव तोडून गाडी हाणली, दोन कोन पाडले, धुळीनं लाल होऊन फिनिशला आलो. काचा खाली, कारण एसी कधीच मेलाय. आवाज पूर्ण वर, कारण इंजिनापुढं काही ऐकू येत नाही. बाई साऱ्या माळाला ऐकू जाईल अशी बोलली, "प्लस फिफ्टी-सेव्हन पॉइंट फोर."

दोरीला टेकून हा म्हातारा उभा होता. धोतर, टोपी, तळहातावर तंबाखू.

"बाई काय म्हनली?"

"सत्तावन्न सेकंद मागं आहे म्हणाली, आबा."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

त्यानं मळायचं थांबवलं. माळावर नजर टाकली. "माळाला तर तुमची एकलीच गाडी हुती."

"होय. पण मघाशी मी चार सेकंदांत आलो होतो."

"कवा?"

"रांगेत थांबलो होतो तेव्हा."

"म्हंजे तुमी हुबं ऱ्हायलासा तवा बेगी आलासा," आबा सावकाश म्हणाले, "आन् पळालासा तवा मागं पडलासा."

मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग आबांनी शेजारच्या दोघांना बोलावून हे पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणे बैलगाडी शर्यतीतले जुने जाणते. 2014 ला कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. 2023 ला कोर्टानं शर्यतींचे कायदे मान्य केले तेव्हा पेढे वाटले. "बैलाला कुनी सांगत न्हाई, तू तुझ्याच मागं हैस म्हनून. बैल बी ऐकून घ्यायचा न्हाई."

त्यांचं घड्याळ वेगळंच. "त्या पांढऱ्या गाडीला माजी तंबाखू निम्मी मळून झाली. तुमच्या टायमाला मळली, दाढंला लावली आन् थुकलो बी." निकाल लागला तेव्हा पांढरी गाडी पहिली, मी अकरांत नववा.

घरी येऊन वाचत बसलो. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच जागा टिपतात. ताशी 54 किलोमीटर वेगानं गाडी तेवढ्यात 15 मीटर जाते. मधलं सगळं अंदाजपंचे. सेकंदाला दहा वेळा टिपणारं वेगळं यंत्र मिळतं, त्याची किंमत बघून फोन उलटा ठेवला. ठीक आहे, ते विज्ञान झालं. पण ती चार पॉइंट दोनची लॅप पुसायला गेलो तर म्हणे प्रीमियम घ्या! चूक त्यांच्या मोजणीची, पुसायचे पैसे माझे. ग्राहक सेवेला मेल केला, उत्तर आलं, "नव्या विक्रमाबद्दल अभिनंदन." यात विनोद काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

काल रस प्यायल्यावर मेहुण्यानं विचारलंच, "दाजी, कोण पुढं गेला म्हणत होता तो?"

"कुणी नाही," म्हणालो.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. रविवार जवळ आलाय, तुमचा 4.2 सेकंदांचा विक्रम वाट बघतोय, असं बाईनं कळवलं होतं.