अ‍ॅडमिन झालात? आता गिऱ्हाइकाला जरा थांबवा

घरचा धंदा हापूसचा, बाग देवगडच्या कातळावर, आणि पुण्यात आयटीत चार दिवस काढून तुम्ही गावी परतलेले. म्हणजे धंद्यात सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, आणायचा मान तुमचाच. काका एका लाल चोपडीवर अख्खा हंगाम चालवतात हे खरं, पण चोपडीला डॅशबोर्ड नसतो. तुम्ही त्या सॉफ्टवेअरचे अ‍ॅडमिन, म्हणजे कारभारी, व्हा. काकांना ‘युजर’ करा.

पहिली गोष्ट, नव्या फीचर्सची वाट बघायला शिका. सेल्सफोर्स या सीआरएमची नवी आवृत्ती वर्षातून तीनदा येते: स्प्रिंग फेब्रुवारीत, समर जूनमध्ये, विंटर ऑक्टोबरात. म्हणजे आपल्याकडे सुपारीएवढी कैरी धरते तेव्हा वसंत, मृगाच्या सरी कोसळतात तेव्हा उन्हाळा, आणि भातकापणीला घामाच्या धारा लागतात तेव्हा हिवाळा. आमच्याकडे आत्ता पाऊस आहे, नंतर या, असं म्हणायची सोय नाही. आवृत्ती आपोआप येते. तिच्याबरोबरच्या माहितीची पानं शेकड्यांनी असतात. ती फवारणीच्या दिवशीच वाचायला घ्या. कोणी हाक मारली तर ‘रिलीज नोट्स’ एवढंच म्हणा.

मग फॉर्मकडे वळा. तुमची खरी कर्तबगारी इथेच दिसणार. अक्षय्यतृतीयेच्या तोंडावर डोंबिवलीच्या काकूंचा फोन येतो: पाच डझनी पेटी, थोडा कच्चा द्या, मुलगी रविवारी येतेय. काका हे अर्ध्या मिनिटात चोपडीत टिपतात. तुम्ही ईमेल, पिनकोड आणि जन्मतारीख या रकान्यांपुढे तांबडी चांदणी लावा. चांदणी म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. काका ओरडतील, ‘मेल्या, गिऱ्हाईक फोनवर आसा, हो तांबडो तारो कसलो?’ दुर्लक्ष करा. ‘लीड सोर्स’, म्हणजे गिऱ्हाईक आलं कुठून, हा रकानाही ठेवा. त्यात तयार पर्याय मिळतात: वेब, फोनवरची चौकशी, भागीदाराची शिफारस, विकत घेतलेली यादी, इतर. काकूंचे वडील आपल्या आजोबांकडून आंबा न्यायचे, हे ‘इतर’मध्ये टाका. आता डायनॅमिक फॉर्म्सही आले आहेत, एक रकाना भरला की दुसरा उघडतो. ‘कच्चा की तयार’ हा रकाना जन्मतारखेनंतरच उघडेल असं करा. तोवर काकू फोन ठेवतील, पण अर्धवट नोंद होण्यापेक्षा नोंद न झालेली बरी.

दुहेरी नोंदी शोधायचे नियम तर जरूर लावा. आपल्या वाडीत निम्म्या घरांचं आडनाव एकच, आणि त्यातल्या तिघांची नावंही एकच. काका त्यांना ओळखतात: एक परळचा, एक गिरणीतला, एक ‘पैसे गणपतीत देणारा’. सॉफ्टवेअरला ते एकच दिसतील. एका वेळी तीन नोंदी एकत्र करता येतात, त्यामुळे आकडाही छान जुळतोय. करून टाका. एकदा एकत्र केलेलं पुन्हा वेगळं करायची सोय नाही, तेव्हा मागे वळून बघायचा प्रश्नच मिटला. परळच्याला गणपतीवाल्याच्या उधारीचं स्मरणपत्र गेलं, तर तेवढाच संपर्क वाढला.

व्यवहाराच्या प्रत्येक टप्प्याला तो पुरा होण्याच्या शक्यतेचे टक्के द्यायला विसरू नका. मोहोराला दहा, कैरीला पन्नास, पेटी ठरली की नव्वद. आलेख सुंदर चढतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनारा घासत वर गेलं, तेव्हा नव्वद टक्क्यांवरचा बराच आंबा झाडाखाली चिखलात होता. पण वाऱ्यासाठी रकाना नाही, आणि रकाना नाही ते घडलं असं धरायची पद्धत नाही.

सेल्सफोर्समध्ये कामं आपोआप करणाऱ्या जुन्या साधनांचा, वर्कफ्लो रूल्स आणि प्रोसेस बिल्डरचा, आधार ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. तुमच्याकडे त्यात काही सुरळीत चालू असेल, तर ते मोडून ‘फ्लो’ या नव्या साधनात पुन्हा बांधा. मोहोराच्या दिवसांत वेळ चांगला जातो.

आता एआय एजंटही मिळतो. आंब्यात साका, म्हणजे आतला पांढरट बिघडलेला गर, निघाला अशी तक्रार आली की उत्तर त्यालाच देऊ द्या. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, हे तो समजावून सांगेल, क्रमांक देईल, आणि आमची सेवा कशी वाटली तेही विचारेल. काका असते तर पुढच्या गाडीने डझनभर फळं मुकाट्याने पाठवून मोकळे झाले असते. त्याची कुठे नोंद राहते?

परवानग्या मात्र हात राखून द्या. कोणाला काय उघडता येईल ते ठरवणाऱ्या पर्मिशन सेटला आता शेवटची तारीख घालता येते. काकांची ३१ मे घाला. आंबा संपला, काम संपलं. जूनमध्ये वसुली निघेल. कोण रोख देतं, कोण थोडं थोडं देतं, कोणाच्या घरी दुःख झालंय म्हणून यंदा विचारायचंच नाही, हे सगळं चोपडीत आहे असं तुमच्या तेव्हा लक्षात येईल. चोपडी मागायची विनंती त्यांना सिस्टीममधून पाठवा. ती त्यांना दिसणार नाही, कारण तारीख उलटून गेलेली असेल. मग खळ्यात जाऊन स्वतः मागा. ते तुमचा ईमेल, पिनकोड आणि जन्मतारीख विचारतील.