दवाखाने ओस होते, म्हणून माणसं ठणठणीत होती?

मामांनी रक्तदाबाची गोळी बंद केली. आठ दिवसांनी मामीने फोन केला तेव्हा आम्हाला पत्ता लागला. कारण विचारलं तर मामांनी मोबाईलच पुढे केला. 'लॉकडाऊनने डॉक्टरांचं पितळ उघडं पाडलं! घरचं सात्त्विक जेवण, रोज व्यायाम, मन शांत. दवाखाने ओस, हार्ट अटॅक गायब. विचार करा.' हा मजकूर मला चार ग्रुपवर येऊन गेलाय. करूच मग विचार.

आधी ते गायब अटॅक. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने देशभरातल्या १८७ रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत अटॅकचे दाखल रुग्ण २०१९ पेक्षा २०२० मध्ये सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होते. खरं आहे. पण वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांत साचलेली चरबी तीन महिने पोळीभाजी खाऊन कुठे जाते? एसटी बंद, रिक्षा बंद, नाक्यावर पोलीस, आणि दवाखान्यात गेलो तर कोरोना घेऊन येऊ ही धास्ती. छातीत कळ आली की 'गॅस असेल' म्हणत ओवा चावून पडून राहणारे आपल्याच घरात नव्हते का? इटलीत लोम्बार्दीच्या चार जिल्ह्यांत साथीच्या पहिल्या ४० दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना आदल्या वर्षीपेक्षा ५८ टक्क्यांनी वाढल्या. त्यातले बरेच जण कोरोनाचे होते, मान्य. पण दवाखान्यात दिसला नाही म्हणजे अटॅक आलाच नाही, हा हिशेब कुणी शिकवला?

घरचं जेवण? बरं, हॉटेलं बंद होती, तेवढं तेल पोटात गेलं नाही. पण त्याच काळात पार्ले-जी विक्रमी खपलं. पायी गावाकडे निघालेल्यांच्या पिशवीत तेच होतं, सात्त्विक थाळी नव्हती.

व्यायामाचं काय सांगता! बागांना कुलपं, आणि राज्यातल्या जिम उघडल्या त्या थेट दसऱ्याला. गच्चीवर फेऱ्या मारायला आधी गच्ची लागते.

आणि मन शांत? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्यांची नोंद आहे, २०२० मध्ये १,५३,०५२. सगळ्या लॉकडाऊनमुळे झाल्या असं मी म्हणत नाही. पण 'शांत' हा शब्द तरी वापरू नका.

काल मामांचं प्रेशर मोजलं. १७० वर १००. आज सकाळी गोळी घेतली, असं मामीने कळवलंय. मामांनी ग्रुपवर नुसता अंगठा टाकलाय.